एल्कसाठी शिसं की तांबं? आधी गोळी कुठल्या वेगाने लागणार ते बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही टेक्सासात राहता. तिथल्या व्हाइटटेल हरणांवर .३०-०६ रायफल आणि १५० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) साधी सॉफ्ट पॉइंट, म्हणजे टोकाशी शिसं उघडं असलेली गोळी वापरता, आणि तिच्याबद्दल तुमची काही तक्रार नाही. आता कोलोरॅडोत फ्लॅट टॉप्सच्या डोंगराळ भागात नर एल्कचा, म्हणजे हरणाच्याच कुळातल्या पण खूप मोठ्या जनावराचा टॅग (शिकारीचा परवाना) मिळालाय. तुमच्या एका मित्राने हीच गोळी चाळीसेक यार्डांवरून एल्कच्या खांद्यावर मारली, तर तिचा चुरा झाला आणि ती छातीत पोचलीच नाही. दुसऱ्याने आखूड नळीच्या .३०८ रायफलमधून अख्ख्या तांब्याची गोळी चारशे यार्डांवरच्या हरणाला मारली. ती आरपार गेली, पण रक्ताचा माग जवळजवळ नव्हता आणि हरण शोधता शोधता अंधार पडला. एक म्हणतो तांबं घे, दुसरा म्हणतो तांब्याच्या वाटेला जाऊ नकोस. तुम्ही विचारताय, कुणाचं ऐकू?

दोघांचंही ऐकू नका, कारण दोघांचं दुखणं एकच आहे. प्रत्येक गोळी वेगाच्या एका ठरावीक पट्ट्यात नीट काम करते. एकाची गोळी त्या पट्ट्याच्या वर लागली, दुसऱ्याची खाली. शिसं आणि तांबं हा त्यानंतरचा प्रश्न.

मी कोलोरॅडोतच राहतो, काडतुसं घरी भरतो आणि मारलेलं जनावर स्वतःच सोलतो. सोलताना गोळीची अख्खी वाट डोळ्यांसमोर उघडी असते, त्यामुळे पुढचं बरंचसं तिथून आलेलं आहे. तरीही माझं उत्तर काही गोष्टींवर अवलंबून आहे: तुम्ही दाट झाडीत बसणार की उघड्या माळावर, जास्तीत जास्त किती लांबून बार टाकणार, आणि जनावर तिरकं उभं असेल तर थांबण्याची तुमची तयारी आहे का. हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून दोन-तीन शक्यता धरून बोलतो.

गोळी उघडते कशी, तिथून सुरुवात करू. मांस म्हणजे बहुतांशी पाणी. गोळी त्यात शिरली की समोरचं पाणी तितक्या लवकर बाजूला होऊ शकत नाही आणि टोकावर प्रचंड दाब चढतो. टोक फाकतं ते या दाबाने. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, आणि बहुतेक वाद इथेच मिटायला हवेत. २६०० फूट प्रति सेकंदाला टोकावर जो दाब येतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी दाब १८०० ला येतो. म्हणजे वेग तिसऱ्या हिश्श्याने कमी झाला, पण गोळी उघडणारी ताकद अर्ध्याच्या खाली गेली. पेटीवर छापलेला वेग नळीच्या तोंडाशी मोजलेला असतो. एल्कला त्याच्याशी देणंघेणं नाही, त्याच्या अंगावर गोळी कुठल्या वेगाने आदळते तेवढंच खरं.

साध्या सॉफ्ट पॉइंटमध्ये तांब्याच्या पातळ कवचात शिसं भरलेलं असतं आणि टोकाशी ते उघडं ठेवलेलं असतं. शिसं मऊ, म्हणून थोड्या दाबातही पसरतं, कवच मागे सोलत जातं आणि गोळीला भूछत्राचा आकार येतो. अख्ख्या तांब्याच्या गोळीत शिसं नसतंच. टोकाशी एक पोकळी असते, बहुधा प्लॅस्टिकच्या टोपीने झाकलेली. दाबाखालचं पाणी त्या पोकळीत घुसून भिंती आतून फाडतं आणि त्यांच्या पाकळ्या बाहेर वळतात. तांबं शिशापेक्षा बरंच कडक, त्यामुळे त्याला उघडायला दाबही जास्त लागतो. पण एकदा उघडलं की पाकळ्या सहसा तुटत नाहीत, आणि गोळीचं जवळजवळ सगळं वजन पुढे जात राहतं.

या दोन टोकांच्या मधे दोन जाती आहेत. त्यातल्या एकीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९४६ साली जॉन नॉस्लर कॅनडात ब्रिटिश कोलंबियात मूस या एल्कहूनही मोठ्या हरणाच्या शिकारीला गेले होते. हातात .३०० एच अँड एच मॅग्नम, म्हणजे त्या काळातली भरपूर जोराची रायफल. तरी मूस पडेना. गोळ्या इतक्या वेगाने लागत होत्या की खोल जाण्याआधी वरच्या थरातच फुटत होत्या. परत आल्यावर त्यांनी गोळीच्या पोटात तांब्याचा एक आडवा पडदा घातला. पुढच्या कप्प्यातलं शिसं उघडून, तुटून जायला मोकळं, पण पडद्यामागचा भाग काही झालं तरी शाबूत. १९४८ मध्ये ही गोळी पार्टिशन या नावाने विक्रीला आली आणि आजही विकली जाते. दुसरी जात बॉन्डेड गोळ्यांची. तिच्यात शिसं कवचाला आतून पक्कं जोडलेलं असतं, त्यामुळे दोन्ही वेगळे होत नाहीत. नॉस्लरची अक्यूबॉन्ड त्यातलीच. स्विफ्ट कंपनीच्या ए-फ्रेम गोळीमध्ये पडदा आणि जोड दोन्ही आहेत, आणि किंमतही त्याला शोभेल अशीच आहे.

आता पट्ट्याबद्दल. खालची हद्द बऱ्याच शिकारी गोळ्यांना साधारण १८०० फूट प्रति सेकंद. पार्टिशन आणि अक्यूबॉन्डसाठी नॉस्लर कंपनी हाच आकडा देते. तांब्याच्या गोळ्यांचे आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात आणि काहींचे १८०० च्याही खाली असतात, पण मी स्वतः तांब्याला २००० च्या खाली वापरत नाही. गोळी जेमतेम उघडते तो वेग आणि लगेच, पूर्ण उघडते तो वेग यांत फरक असतो. कंपनी बहुधा पहिला सांगते, शिकाऱ्याला दुसरा हवा असतो. वरची हद्द पेटीवर कुणी छापत नाही. साध्या सॉफ्ट पॉइंटला मऊ भागात २८०० सुद्धा चालून जातं, पण त्याच वेगात जाड हाड आडवं आलं की ती गोळी भरवशाची राहत नाही. तांब्याला आणि बॉन्डेडला शिकारी रायफलींच्या वेगात वरच्या हद्दीची फारशी काळजी नसते.

मग गोळी जेवढी जास्त पसरेल तेवढी चांगली का? नाही. .३०८ इंचाची गोळी फाकून ०.६० इंच झाली तर समोरचं क्षेत्रफळ जवळजवळ पावणेचारपट होतं. जखम रुंद होते, पण गोळीला ब्रेकही तितकाच जोरात लागतो. हरणाची छाती अरुंद, तिथे हा सौदा परवडतो. नर एल्क तीनशे किलोच्या पुढे जातो. त्याच्या दंडाचं हाड, जाड स्नायू आणि मग फासळ्या ओलांडून दोन्ही फुप्फुसांपर्यंत पोचायचं असेल तर गोळीकडे वजन शिल्लक असावं लागतं.

ऊर्जेच्या आकड्याबद्दलही बोलायला हवं, कारण एल्कला १५०० फूट-पाउंड लागतात हे तुम्हाला दहा जण सांगतील. १८० ग्रेनची गोळी २००० फूट प्रति सेकंदाने लागली तर हिशेब सोळाशेच्या आसपास येतो, म्हणजे परीक्षा पास. पण न उघडणारी लष्करी गोळी त्याच वजनाची, त्याच वेगाने लागली तरी आकडा तोच येईल आणि जखम अगदी वेगळी होईल. ऊर्जा काय करता आलं असतं ते सांगते, गोळीने काय केलं ते नाही. मी तो आकडा कायद्याची अट पूर्ण होते का एवढ्यापुरता पाहतो.

जखम दोन प्रकारची होते, आणि हा फरक मार्टिन फॅकलर या अमेरिकी लष्करी शल्यविशारदाने प्रयोगांनी चांगला दाखवला. गोळीने प्रत्यक्ष चिरडलेली वाट ही कायमची जखम. तिच्याभोवतीचं मांस क्षणभर बाहेर ढकललं जातं आणि परत येतं, ती तात्पुरती पोकळी. फुप्फुस लवचीक असतं, ताण सोसतं आणि परत जागेवर येतं. यकृत तसं नाही, ते फाटतं. म्हणूनच न उघडलेली गोळी दोन्ही फुप्फुसांतून गेली तरी बारीक भोक पाडून निघून जाते. गोळीच्या धक्क्याने लोळवणं, उडवून देणं हे सगळं बोलण्यापुरतं. मेंदू किंवा कणा सोडला तर जनावर मरतं ते रक्तदाब कोसळून मेंदूला रक्त न पोचल्यामुळे, आणि त्याला दहा-पंधरा सेकंद सहज लागतात. तेवढ्यात एल्क शंभर यार्ड पळतो. पळाला म्हणजे गोळी फसली असं नाही.

तुमच्या पहिल्या मित्राचं आता पाहू. १५० ग्रेनची .३०-०६ गोळी नळीतून २९०० च्या आसपास निघते. चाळीस यार्डांवर ती २८०० च्या वरच असणार. पुढे आलं दंडाचं हाड. पातळ कवच फाटलं, शिसं सुटलं, आणि सुट्या तुकड्यांना वजन नसल्यामुळे ते जागीच थांबले. तीच गोळी त्याच जागी अडीचशे यार्डांवरून लागली असती तर कदाचित जास्त खोल गेली असती. ऐकायला उलटं वाटतं, पण कमी वेगाने लागलेली मऊ गोळी अनेकदा जास्त आत जाते. दुसऱ्या मित्राची आखूड नळी, वर चारशे यार्ड, म्हणजे लागतानाचा वेग १८०० च्या घरात किंवा त्याखालीच. कडक तांबं, बारीक चणीचं हरण आणि आडव्या फक्त फासळ्या. गोळीला उघडायला ना दाब मिळाला ना जागा.

चांगलं काम केलेली गोळी कशी दिसते ते एकदा बघून ठेवा. ती बहुधा पलीकडच्या कातडीखाली सापडते. कातडं रबरासारखं ताणून तिला अडवतं, आणि सोलताना बोटाला एक कठीण गाठ लागते. सुरीने चीर दिली की बाहेर येते. पार्टिशन असेल तर पुढचा अर्धा भाग मागे दुमडलेला, त्या घडीत हाडाचा पांढरा चुरा आणि एखाददुसरा केस अडकलेला, आणि बुडाकडचा भाग जवळजवळ नवाकोरा, नळीच्या आट्यांच्या तिरक्या खुणा त्यावर स्पष्ट. काट्यावर ठेवली तर मूळ वजनाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास भरते. तांब्याची असेल तर बहुधा चार पाकळ्या आणि वजन जवळपास पूर्ण. हे दोन्ही निकाल चांगलेच आहेत. जास्त वजन राहिलं ती गोळी श्रेष्ठ, ही समजूत जाहिरातींनी पसरवली आहे. पार्टिशनचा पुढचा भाग तुटून जावा हीच तिची रचना आहे. जेलच्या ठोकळ्यावर गोळ्या मारून दाखवणारे व्हिडिओही जरा जपूनच बघा. त्यांत दंडाचं हाड नसतं.

तुमच्या बाबतीत उंचीही धरावी लागेल. साधी १८० ग्रेनची .३०-०६ सॉफ्ट पॉइंट २७०० ला निघते आणि समुद्रसपाटीच्या तक्त्यात तीनशे यार्डांवर २०४० च्या, तर चारशेवर १८५० च्या आसपास उरते. फ्लॅट टॉप्सला तुम्ही नऊ-दहा हजार फुटांवर असाल. तिथली हवा टेक्सासच्या किनाऱ्यापेक्षा जवळपास पाव हिश्श्याने विरळ असते, म्हणून गोळीचा वेग तितकाच कमी घटतो. ढोबळ हिशेबाने डोंगरातले चारशे यार्ड हे खालचे तीनशे. याचा अर्थ लांबून मारा असा नाही. एवढाच, की वेगाचा तक्ता बनवताना उंची भरा, नाहीतर तुमचे सगळे आकडे उगाच घाबरवणारे येतील. तुमच्या नळीची लांबीही बघा. पेटीवरचा वेग सहसा चोवीस इंची नळीचा असतो, बावीस इंची असेल तर चाळीस-पन्नास फूट वजा धरा.

म्हणजे काय घ्यावं? रायफल बदलू नका, .३०-०६ एल्कला पुरून उरते. नवी मॅग्नम आणून तिच्या धक्क्याला दचकणारे लोक मी दर वर्षी रेंजवर बघतो. गोळी मात्र बदला. १८० ग्रेनची पार्टिशन किंवा बॉन्डेड घ्या, नाहीतर १६५-१६८ ग्रेनची तांब्याची. तांब्याची घनता कमी, त्यामुळे त्याच वजनाची गोळी जास्त लांब होते. म्हणून तांब्यात एक पायरी हलकी घेतात, आणि वजन टिकून राहत असल्याने त्यात तोटाही होत नाही. १६८ ग्रेनची साधारण २८०० ला निघते आणि तीनशे यार्डांवर २००० च्या बरीच वर असते. चाळीस यार्डांवर खांदा आडवा आला तरी ती फुटत नाही. झाडीत बसणार असाल तर माझं मत सरळ तांब्याला. उघड्या माळावर, साडेतीनशेच्या पुढे बार टाकायची वेळ येईल असं वाटत असेल तर बॉन्डेड, कारण ती कमी वेगातही उघडते. लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या, पातळ कवचाच्या गोळ्या एल्कसाठी मी घेत नाही. झाडीत अचानक वीस यार्डांवर नर उभा राहिला तर तुमच्या मित्राचीच गत.

मी स्वतः तांब्यावर आलो त्याचं मुख्य कारण मांस. शिशाची गोळी फुटली की तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात जाऊन बसतात, आणि ते ना डोळ्यांना दिसतात ना दाताखाली येतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान आलेलं हरणाचं मांस याच कारणाने थांबवावं लागलं होतं. घरात लहान मुलं आहेत आणि वर्षभर खिम्यापासून रश्श्यापर्यंत तेच मांस शिजतं, तर मी हा प्रश्न असा सोडवला. तुम्ही शिशाची वापरलीत तर जखमेभोवतीचा काळा-निळा भाग सढळ हाताने कापून टाका. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही, पुढेमागे तिकडे गेलात तर लक्षात असू द्या.

कोलोरॅडोचा नियम: एल्कसाठी रायफल किमान .२४ कॅलिबरची, गोळी उघडणारी आणि किमान ८५ ग्रेनची, आणि शंभर यार्डांवर १००० फूट-पाउंड. तुम्ही आरामात बसता, पण स्वस्तातली फुल मेटल जॅकेट, म्हणजे न उघडणारी गोळी, सरावापुरतीच ठेवा. यात इतिहासाची गंमत आहे. उघडणाऱ्या गोळीचं बदनाम नाव कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातून जगभर गेलं, १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात ती वापरायला बंदीचा जाहीरनामा झाला, आणि शिकारीत मात्र कायदा तीच सक्तीची करतो, कारण न उघडणारी गोळी जनावराला हाल करून मारते. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली. त्यामुळे आपल्या घरांतलं शिकारीचं ज्ञान आजोबांच्या गोष्टींपुरतं राहिलं, आणि त्या गोष्टींत बंदूक केवढी होती हे सांगतात, गोळी कसली होती ते कुणीच सांगत नाही.

गोळी ठरली की त्याच लॉटच्या दोन-तीन पेट्या एकदम घ्या आणि रायफल नव्याने झीरो करा, म्हणजे नेम धराल तिथेच गोळी लागेल अशी जुळवून घ्या. १५० च्या शिशाची आणि १६८ च्या तांब्याची गोळी एकाच ठिकाणी बसेल ही अपेक्षा धरू नका. शिशाच्या गोळ्या मारून झाल्यावर तांब्याच्या लावण्याआधी नळी स्वच्छ करा, त्याने गट सुधारलेला, म्हणजे गोळ्या एकमेकींच्या जास्त जवळ बसलेल्या मी पुष्कळदा पाहिल्यात. एखादी गोळी तुमच्या नळीला मानवतच नसेल तर हट्ट सोडा आणि दुसऱ्या कंपनीची घ्या. तीन इंच बाहेर जाणाऱ्या उत्तम गोळीपेक्षा इंचात बसणारी साधी पार्टिशन केव्हाही बरी.

नेम कुठे धरायचा ते गोळीनुसार थोडं बदलतं. जनावर आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या रेषेला लागून, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर. तिथे दोन्ही फुप्फुसं मिळतात, हृदयाचा वरचा भागही जवळ असतो आणि फुकट जाणारं मांस कमी. पाठमोरं तिरकं असेल तर पलीकडच्या खांद्याकडे नेम धरा. गोळीला लांबची वाट कापायची असते आणि तांबं, बॉन्डेड, पार्टिशन तिघंही ती कापतात. समोरून तिरक्या जनावराला मी साध्या सॉफ्ट पॉइंटने कधीच बार टाकणार नाही. तांब्याने टाकता येतो, पण पहिल्याच एल्कला थांबलात तर बरं. ते बहुधा वळतं.

बार झाल्यावर लगेच दुसरं काडतूस चढवा, आणि एल्क उभा असेल, नेमही स्वच्छ असेल तर पुन्हा मारा. एल्क गोळी खाऊन काही झालंच नाही असा उभा राहतो. पडला नाही तर तो कुठे उभा होता आणि शेवटचा कुठे दिसला, या दोन्ही जागा एखाद्या झाडाच्या खुणेने डोक्यात बसवा आणि अर्धा तास हलू नका. मग रक्त वाचा. गुलाबी, फेसाळ रक्त फुप्फुसाचं, अशा वेळी जनावर जवळच पडलेलं असतं. गडद लाल, फेस नसलेलं रक्त यकृताचं असू शकतं, तिथे निदान दोन-तीन तास द्या. हिरवट घाण किंवा आंबूस वास आला तर गोळी पोटात गेलीय. तेव्हा मागे फिरा आणि पुष्कळ तास थांबा, उगाच उठवलंत तर ते पुढच्या दरीत जाईल. आणि रक्त अजिबात नसेल तर नेम चुकला असं धरू नका. भोक उंचावर असलं की रक्त आतच साठतं, शिवाय एल्कची दाट लव बाहेर येणारं रक्त शोषून घेते. त्या जागी कापलेले केस शोधा, खुरांनी उकरलेली माती बघा आणि तिथून शेवटच्या खुणेपर्यंत पावलापावलाने जा.